ब्रह्मपुरीतले पूर्वज

सवाई जयसिंग (1688–1743) यांनी 1727 मध्ये जयपूर शहराची पायाभरणी केली तेव्हा त्यांच्या आश्रयाला आलेल्या विद्वानांत महाराष्ट्रीय, तैलंग, गुजराती आणि बंगाली अशा दूरदूरच्या प्रांतांतील घराण्यांचा भरणा होता. त्यांपैकी अनेक घराणी शहराच्या उत्तरेस, नाहरगडाच्या पायथ्याशी असलेल्या ब्रह्मपुरी या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. या घराण्यांत आजोबांच्या पिढीने जमवलेल्या वंशावळी, वह्या आणि तोंडी आठवणी यांतून एखादा नामांकित पूर्वज हाती लागणे हे नवल नाही; आजोबांच्या वहीतला पुरुष आणि इतिहासातला पुरुष एकच आहे, हे ठरवणे मात्र फार वेगळे आणि बरेच अवघड काम आहे.

घरची आठवण पूर्वजाचा मोठेपणा टिकवते आणि त्याचा काळ हरवून बसते, याचे जयपुरातील उत्तम उदाहरण म्हणजे सम्राट जगन्नाथ. हे महाराष्ट्रीय पंडित जयसिंगांचे ज्योतिर्विद होते. त्यांनी अरबी भाषेचा अभ्यास करून युक्लिडच्या भूमितीवरील ग्रंथाचे ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे ‘सम्राटसिद्धान्त’ या नावाने संस्कृतात रूपांतर केले, आणि दोन्हींसाठी नासिरुद्दीन तूसी या तेराव्या शतकातील पंडिताने सिद्ध केलेल्या अरबी संहितांचा आधार घेतला. त्यांच्याविषयी असे आख्यान प्रचलित आहे, की शिवाजी महाराजांवर चालून गेलेल्या जयसिंगांनी परतताना या वीस वर्षांच्या बुद्धिमान तरुणाला दक्षिणेतून आपल्याबरोबर आणले. शिवाजी महाराजांवर चालून गेले ते मिर्झाराजे जयसिंग. 1665 चा पुरंदरचा तह त्यांचा, आणि 1667 मध्ये बुऱ्हाणपूर येथे त्यांचा मृत्यू झाला. जगन्नाथांचे आश्रयदाते सवाई जयसिंग जन्मले 1688 मध्ये. एकाच गादीवरचे, एकाच नावाचे दोन राजे आख्यानात एकत्र झाले आणि जगन्नाथांचे वय नकळत पुष्कळ वाढले. तरीही हे आख्यान टाकाऊ ठरत नाही, कारण ‘दक्षिणेतून आणले’ एवढा त्याचा गाभा खरा आहे. वंशवृत्त लिहिणाऱ्याने अशा कथेतले स्थळ जपून ठेवावे आणि प्रसंग तपासून घ्यावा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात जगन्नाथांच्या कामाची नोंद घेतली, आणि मुंबई संस्कृत ग्रंथमालेत 1901–02 मध्ये ‘रेखागणित’ छापून आले, त्यामुळे मराठी वाचकाला हा पुरुष जयपूरला न जाताही भेटू शकत होता.

ज्याच्या पूर्वजाने ग्रंथ लिहिला आहे त्याचे काम पुष्कळ सोपे होते. संस्कृत हस्तलिखिताच्या शेवटी किंवा प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस पुष्पिका असते, म्हणजे ग्रंथकर्त्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव, बहुधा कुलनाम, आणि कधी कधी समाप्तीचे वर्ष सांगणारा मजकूर. वंशावळीतील एखादी पिढी पक्की करायला यासारखा साक्षीदार नाही. जयसिंगांचे गुरू रत्नाकर पौंडरीक यांच्या घराण्याबाबत हेच घडले. हे महाशब्दे घराण्यातील शांडिल्यगोत्री महाराष्ट्रीय पंडित, देवभट्ट यांचे पुत्र. व्रते, तिथिनिर्णय आणि धर्मकृत्ये यांवरील ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ 1713 मध्ये पूर्ण झाला. याच वंशातील विश्वेश्वर महाशब्दे यांनी पुढे सवाई प्रतापसिंगांच्या कारकिर्दीत (1778–1803) ‘प्रतापार्क’ रचला तो पूर्वजाच्या या ग्रंथाचा आधार घेऊन. आपला पूर्वज कोण होता हे त्यांना शोधावे लागले नाही. तो पोथीच्या रूपाने घरातच होता. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ग्रंथ आणि ग्रंथकारांच्या ज्या सूची दिल्या आहेत त्यांत ही दोन्ही नावे आढळतात, आणि उत्तरेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घराण्याला आपली वंशावळ तपासायची असेल, तर कोणत्याही दप्तरखान्याआधी या सूची चाळणे शहाणपणाचे ठरेल. ब्रह्मपुरीतील ‘पुंडरीकजी की हवेली’ आजही त्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्या एका दालनातील भित्तिचित्रांमुळे तिचा समावेश केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत झाला आहे.

ज्यांच्या पूर्वजाने काहीच लिहिले नाही त्यांना राज्याच्या कागदांकडे वळावे लागते. जयपूर संस्थानचा हा कागद विपुल आहे. ‘दस्तूर कौमवार’ या नावाच्या नोंदवह्यांत दरबारातून कोणाला काय मानवस्त्र, नजर किंवा देणगी मिळाली हे जातवार आणि व्यक्तिवार लिहिलेले असते. ‘उदक’ म्हणजे हातावर पाणी सोडून दिलेले दान. अशा दानजमिनींच्या सनदांत घेणाऱ्याचे नाव आणि बहुधा त्याच्या बापाचे नाव येते. याहून मोलाची आहे ती ‘मातमी’. जहागीर किंवा दानजमीन धारण करणारा वारला की त्याच्या वारसाला दरबाराची मान्यता घ्यावी लागे. या मान्यतेला मातमी म्हणत, आणि ती मागताना मृताशी असलेले नाते सिद्ध करावे लागे. दरबाराला त्यात स्वारस्य होते ते महसुलापुरते, परंतु त्या रुक्ष व्यवहारातून पिढीमागून पिढी साखळीसारखी नोंदली गेली. बायकांची नावे मात्र या साखळीत क्वचितच सापडतात. ती आजीलाच ठाऊक असतात, आणि आजोबांच्या वहीत ती उतरवून घेण्याचे बहुतेक घरांत राहून गेलेले दिसते.

या कागदांवरील मिती वाचताना मराठी माणसाची एक ठरावीक फसगत होते. जयपुरात विक्रम संवत चाले. महाराष्ट्रातून आलेल्या घरांच्या पोथ्यांत शालिवाहन शक असू शकतो. विक्रम संवतातून 57 वजा केले किंवा शकात 78 मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो, म्हणजे संवत 1770 आणि शके 1635 ही दोन्ही 1713 चीच वर्षे. वर्ष जुळले तरी महिना चुकतो, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्रात अमावास्येला, त्यामुळे आपला श्रावण वद्य पक्ष तिकडे भाद्रपद वदी म्हणून लिहिला जातो. घरात पाळली जाणारी श्राद्धतिथी आणि दरबारी कागदातील मृत्यूची मिती यांत महिनाभराचे अंतर दिसले म्हणून माणसे दोन आहेत असे लगेच मानू नये. दोन्हीकडे वद्य पक्ष आणि तिथी एकच असेल तर बहुधा माणूसही एकच असतो.

मूळ गावाचा प्रश्न मात्र जयपूरच्या कागदांतून क्वचितच सुटतो, कारण दरबारी कारकुनाला ‘दखणी’ एवढे लिहिले की पुरे होत असे. तिथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. गया, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांतील उपाध्याय आपल्या यजमानांच्या नावांची नोंद गाववार आणि ज्ञातिवार ठेवतात, आणि येणारा यजमान स्वतः वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून खाली सही करतो. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेतली ती त्यांचे हे मोल ओळखूनच.

पूर्वजाचा शोध पांडित्याच्या पातळीवर कसा पोहोचतो, हे जयपुरातीलच एका तैलंग घराण्याने दाखवले. बुंदीच्या दरबारातून जयसिंगांनी आणलेले कविकलानिधी श्रीकृष्णभट्ट यांनी ‘ईश्वरविलास’ हे महाकाव्य रचले, आणि जयसिंगांच्या अश्वमेधाचे त्यातील वर्णन समकालीन साक्षीचे आहे. या काव्याचे हस्तलिखित पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात होते. तेथील अभिरक्षक (क्यूरेटर) परशुराम कृष्ण गोडे यांनी 1937 मध्ये त्याच्या आधारे, अठराव्या शतकात खरोखरच अश्वमेध झाला होता, हे मांडले. श्रीकृष्णभट्टांच्या वंशातील भट्ट मथुरानाथ शास्त्री (1889–1964) हे स्वतः संस्कृतचे नामवंत कवी. त्यांनी आपल्या पूर्वजाचे हे काव्य संपादित केले आणि 1958 मध्ये ते राजस्थान पुरातन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. इथे वंशजाने पूर्वजाची थोरवी गायली नाही, तर त्याचा मजकूर शुद्ध करून इतरांना तपासायला दिला. वंशाभिमानाचा याहून चांगला उपयोग दाखवणे कठीण आहे.

प्रत्येक घरात श्रीकृष्णभट्ट किंवा रत्नाकर निघत नाहीत, आणि आजोबांच्या वहीत असे नाव दिसले की संशय अधिकच घ्यावा लागतो, कारण एका शहरात एकाच कुलनामाची अनेक घरे असली की प्रसिद्ध पुरुष हळूहळू सर्वांचाच पूर्वज होऊन बसतो. अशा वेळी वरून खाली येण्यापेक्षा खालून वर जाणे बरे: आजोबांनी स्वतः पाहिलेल्या माणसांपासून सुरुवात करावी, प्रत्येक पिढीला निदान एक कागद जोडावा, आणि जिथे कागद मिळत नाही तिथे रेघ न ओढता जागा कोरी सोडावी. जयपूर संस्थानचे जुने दप्तर आता बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. तिथे जाणाऱ्याने आडनाव घेऊन न जाता पूर्वजाच्या वडिलांचे नाव, गोत्र आणि जमीन मिळालेल्या गावाचे नाव घेऊन जावे, कारण आडनाव वह्यांत असेलच असे नाही, गाव मात्र बहुधा असते.