फ्रेंच भाषेंतील भूतकालवाचक धातुसाधित

‘झे एक्री ला लेत्र’ म्हणजे ‘मीं चिठ्ठी लिहिली’. ‘ला लेत्र क झे एक्रीत’ म्हणजे ‘मीं लिहिलेली चिठ्ठी’. लिहिणारा तोच, चिठ्ठीहि तीच. मग पहिल्या वाक्यांतील ‘एक्री’ दुसऱ्यांत ‘एक्रीत’ कां व्हावें? फ्रेंच शिकणाऱ्याला फार छळणारा असा हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठीं हें रूप बनतें कसें, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

फ्रेंच धातूंचे मुख्य वर्ग तीन. बहुसंख्य धातु ‘पार्ले’ म्हणजे ‘बोलणें’ याच्या वर्गांतले. त्यांचें धातुसाधित उच्चारांत मूळ रूपासारखेंच राहतें, लेखनांत मात्र बदलतें. ‘फिनीर’ म्हणजे ‘संपविणें’, याचें ‘फिनी’ होतें, व ‘व्हाँद्र’ म्हणजे ‘विकणें’, याचें ‘व्हाँद्यू’. उरलेले अनियमित धातु थोडे, पण नित्य वापरांतले. ‘करणें’ याचें ‘फे’, ‘ठेवणें’ याचें ‘मी’, ‘घेणें’ याचें ‘प्री’, ‘उघडणें’ याचें ‘उव्हेर’. हीं पाठच केलीं पाहिजेत.

या धातुसाधितामागें साहाय्यक क्रियापद लागतें. जाणें, येणें, निघणें, पोंचणें, जन्मणें, मरणें अशा कांहीं धातूंना आणि सर्व आत्मवाचक क्रियापदांना ‘असणें’ या अर्थाचें क्रियापद लागतें. जाणें-येणें इत्यादि धातूंचें धातुसाधित कर्त्याप्रमाणें बदलतें. ‘तो मेला’ म्हणजे ‘इल ए मॉर’, ‘ती मेली’ म्हणजे ‘एल ए मॉर्त’. मराठी मनुष्याला यांत नवें कांहींच नाहीं.

बहुतेक इतर धातूंना ‘जवळ असणें’ या अर्थाचें क्रियापद लागतें, आणि खरी अडचण तेथेंच आहे. नियम असा कीं, कर्म धातुसाधिताच्या आधीं आलें तर धातुसाधितानें कर्माचें लिंग व वचन घ्यावें. मागून आलें तर अविकृत राहावें. मराठींत ‘रामानें ग्रंथ लिहिला’, ‘रामानें चिठ्ठी लिहिली’ असें म्हणतांना कर्म आधीं कीं मागून, हें कोणी पाहत नाहीं; ‘लिहिली रामानें चिठ्ठी’ असेंहि चालतें. म्हणून मराठी विद्यार्थी सवयीनें सर्वत्रच ‘एक्रीत’ म्हणूं पाहतो. त्यानें येथेंच सावध राहावें.

या नियमाचें मूळ लॅटिनमध्यें सांपडतें. ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली आहे’ अशी ती मूळ रचना. तींत ‘लिहिलेली’ हें चिठ्ठीचें विशेषणच होतें. पुढें दोन्ही शब्द मिळून एक काळ बनला आणि विशेषणाचा बंध सैल झाला. संस्कृतांतील ‘लिखित’, ‘श्रुत’ यांतील ‘त’ प्रत्यय आणि लॅटिन धातुसाधितांतील ‘त’ यांचें मूळ एकच आहे. १५३८ च्या सुमारास क्लेमाँ मारो या कवीनें इटालियन भाषेचा दाखला देऊन, कर्म आधीं आल्यास मेळ घालावा, असें मत एका पद्यांत मांडलें.

तेव्हांपासून वाद चालूच आहे. १९०० सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें, परीक्षेंत हा मेळ न घातल्यास चूक धरूं नये, अशी सवलत दिली. फ्रेंच अकादमीनें हरकत घेतल्यावर १९०१ सालीं ती पुष्कळच आखडली. २०१८ सालीं बेल्जममधील दोन माजी शिक्षकांनीं हा नियम काढून टाकावा, असें सुचविलें. त्यांच्या मतें ज्या तासांत हे अपवाद घोकले जातात, ते वाचन-लेखनाकडे लावणें अधिक हिताचें. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, कोणता शब्द कोणाचें विशेषण आहे, हा विचार या नियमामुळेंच मनाला घडतो.

वादाचा निकाल कसाहि लागो, विद्यार्थ्यानें साध्या नियमांत लिहितांना तीन प्रश्न क्रमानें विचारावे. साहाय्यक क्रियापद कोणतें? ‘असणें’ असल्यास कर्ता कोण? ‘जवळ असणें’ असल्यास कर्म आधीं आलें आहे काय? आत्मवाचक क्रियापदें व धातुसाधितापुढें दुसरा धातु येणारीं वाक्यें मात्र स्वतंत्रपणें शिकावीं लागतील. बाकीच्या ठिकाणीं एवढ्यानें पुष्कळ चुका टळतील. मेळाचा हा फरक बहुधा कानाला कळत नाहीं, तो केवळ लेखणीला कळतो. म्हणून ‘एक्रीत’, ‘मीझ’, ‘प्रीझ’ अशीं जीं थोडीं रूपें कानाला कळतात, तीं मोठ्यानें म्हणून पाहावीं. कानाला पटलेला नियम हाताला लवकर वळतो.