उसनी प्रतिकारशक्ती

‘एकदा साप चावून जो वाचला, त्याला पुढे विष बाधत नाही,’ असे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मी अनेकदा ऐकले आहे. ही समजूत घातक का, ते पाहू.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प मात्रेत, हळूहळू वाढवीत घोड्याला टोचतात. घोड्याच्या शरीरात असंख्य बी-पेशी असतात. प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. विषाचा रेणू जिला जुळतो, तीच जागी होते. मदतनीस टी-पेशीने दुजोरा दिला की ती झपाट्याने विभागते. तिच्या काही लेकी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडतात. काही स्मृतिपेशी बनून मागे राहतात.

या साऱ्याला कित्येक दिवस लागतात. दंश झालेल्याला तेवढी सवड कोठली? म्हणून घोड्याच्या रक्तातील तयार प्रतिपिंडे शुद्ध करून त्याला देतात. ती विषाला चिकटून त्याला निकामी करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे या औषधातील कार्य मोठे आहे.

परंतु ही प्रतिपिंडे उसनी असतात. काही काळात ती नाहीशी होतात आणि स्मृतिपेशी घोड्यापाशीच राहतात. धनुर्वाताच्या लशीने आपल्याच बी-पेशी शिकतात. येथे तसे घडत नाही. म्हणून दुसऱ्यांदा दंश झाला तरी मांत्रिकाकडे न जाता तत्काळ दवाखानाच गाठला पाहिजे.