चिखलातले श्वसन

ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी तिवराच्या झाडाखाली काळ्या चिखलातून पेन्सिलीएवढी जाड, वीतभर उंच अशी शेकडो टोके वर आलेली दिसतात. ती नवी रोपे असावीत असा पुष्कळांचा समज होतो. परंतु वस्तुतः ती झाडाचीच मुळे होत, आणि खाली जाण्याचा मुळांचा धर्म सोडून ती आकाशाकडे वाढतात ती केवळ श्वासासाठी.

मुळांनाही प्राणवायू लागतो, हे पानांच्या कौतुकात आपण विसरतो. शेताच्या भुसभुशीत मातीत कणांमधल्या पोकळ्यांतून हवा त्यांच्यापर्यंत अनायासे पोहोचते. खाडीच्या चिखलात मात्र त्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद पसरत असल्याने, शिवाय जो थोडाबहुत झिरपतो तो जिवाणू वरच्यावर फस्त करीत असल्याने, वरचा पातळ थर सोडला तर चिखलात तो जवळजवळ उरतच नाही.

ही उणीव या श्वसनमुळांवरची बारीक छिद्रे भरून काढतात. त्यांतून हवा आत शिरते, पाणी शिरत नाही, आणि आतल्या स्पंजासारख्या पोकळ ऊतीतून ती थेट गाडलेल्या मुळांपर्यंत जाते. भरतीने टोके बुडाली की झाड आतल्या शिलकीवर निभावते. प्राणवायू खर्ची पडतो, त्याच्या जागी निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आतला दाब घटतो, आणि पाणी ओसरताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. समुद्राच्या भरती-ओहोटीलाच आपल्या श्वासाची लय करून घेणारी ही योजना मला निसर्गातील परम विलक्षण योजनांपैकी एक वाटते.

शोलँडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तिवराच्याच सोबत्याच्या, म्हणजे कांदळाच्या, आधारमुळांवरील छिद्रे ग्रीसने बुजविली, तेव्हा चिखलातल्या मुळांमधील हवेत एरवी १५ ते १८ टक्के असणारा प्राणवायू २ टक्क्यांवर उतरला. झाडाच्या फांदीलाही धक्का लागला नव्हता!



म्हणूनच कुऱ्हाड न लावताही तिवर मारता येतो. तेलाचा तवंग किंवा भरावाची माती त्या वीतभर टोकांवर बसली की झाड उभ्याउभ्या गुदमरते. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीबरोबरच त्याभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात राडारोडा टाकण्यासही मनाई केली, तो हुकूम या वृक्षाच्या शरीररचनेशी तंतोतंत जुळणारा आहे; त्याची अंमलबजावणी तितक्याच काटेकोरपणे व्हावी, ही माझी कळकळीची मागणी आहे.