इग्बो देवमंडळ : एका नजरेत

आग्नेय नायजेरिया हा इग्बो लोकांचा मूळ प्रदेश. आज बहुसंख्य इग्बो ख्रिस्ती आहेत; तरी जुन्या श्रद्धा पुरत्या पुसलेल्या नाहीत.

● चुक्वू : सर्वश्रेष्ठ निर्माता. रोजचे नवस-बळी मात्र बहुधा इतर देवतांना.

● आला (आनी) : भूदेवी. पिके, सुफलता आणि नीतिनियम तिच्या अखत्यारीत. पूर्वजांचा वासही तिच्याच उदरात. स्वकीयाचा खून हा थेट तिचा अपराध. ओवेरी परिसरात तिच्यासाठी मातीच्या रंगीत शिल्पांनी भरलेली ‘म्बारी’ घरे उभारत.

● आमादिओहा : मेघगर्जनेचा आणि विजेचा देव, अपराध्याला वीज पाडून शासन करणारा.

● ची : प्रत्येकाच्या वाट्याला आलेली स्वतंत्र दैवशक्ती. यशापयश तिच्याशी जोडलेले.

● इकेंगा : शिंगे असलेली लाकडी मूर्ती, उजव्या हाताच्या बळाचे आणि कर्तृत्वाचे प्रतीक.

● आठवडा : एके, ओरिए, आफो, न्क्वो असे चारच दिवस. गावोगावचे बाजार याच वारांना भरतात.

● इबिनी उक्पाबी : अरोचुक्वू येथील कौल देणारे, तंटे सोडवणारे देवस्थान. दोषी ठरलेल्यांची गुलाम म्हणून विक्री होई. १९०१-०२च्या मोहिमेत ब्रिटिशांनी ते उद्ध्वस्त केले.