ज्येष्ठांचे रक्षण : एकत्र बसण्याची गरज

वृद्ध माणसावर होणारा अन्याय सहसा एका दिवसात घडत नाही आणि तो कोणा एकाला संपूर्ण दिसतही नाही. बँकेच्या खिडकीवरून एवढेच दिसते की, दरमहा स्वतः येणाऱ्या आजी अलीकडे येत नाहीत आणि पेन्शन जमा होते त्याच दिवशी सगळी रक्कम निघून जाते. डॉक्टरांच्या लक्षात येते की, रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत. किराणा दुकानदाराला कळते की, त्यांच्या नावाने सामान देऊ नका, असा निरोप आला आहे. आशा सेविकेला खोलीची कडी बाहेरून लावलेली आढळते. तलाठ्याच्या टेबलावर जमिनीच्या फेरफाराचा अर्ज येऊन पडतो.

या पाचही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या, तर प्रत्येकीचे साधे कारण सांगता येते. एकत्र ठेवल्या, तर वेगळेच चित्र उभे राहते. परंतु त्या एकत्र ठेवणारी जागाच आपल्या गावांत नाही. बँकेत अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, ज्येष्ठांच्या रक्षणात कायद्यापेक्षा या जागेची उणीव अधिक जाणवते.

भवानीनगरची अडचण

श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले भवानीनगर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांशी बांधलेले आहे. तहसील कार्यालय इंदापूरला, प्रांताधिकारी बारामतीला, मोठ्या उपचारासाठी बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण खाते मात्र पुण्याला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, वयोवृद्ध सभासद शेतकरी आणि पेठेतील जुने व्यापारी यांची मुले शिक्षणानिमित्त पुण्या-मुंबईला गेली आणि तिकडेच स्थिरावली. आपल्या समाजातील घरेही याला अपवाद नाहीत. दुकान खाली, घर वर आणि त्या घरात दोघेच, पुढे एकटेच, हे चित्र परिचयाचे झाले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. ते आता निश्चितच वाढले आहे.

कायद्याने काय दिले

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली झाला आणि महाराष्ट्राचे नियम २०१० साली आले. साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. हे न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांसाठी ते बारामतीलाच आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, निकाल द्यावयाचा असतो. ज्येष्ठ व्यक्ती असमर्थ असेल, तर तिने अधिकार दिलेली अन्य व्यक्ती अथवा संस्था अर्ज करू शकते आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याची जबाबदारी असताना वृद्धाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

व्यापारी कुटुंबांनी कलम २३ विशेष लक्षात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. परंतु अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताकडे पाहून उदारपणे लावावा, असे म्हटले. तात्पर्य हे की, बक्षीसपत्रात सांभाळाची अट शब्दांत लिहून घ्यावी. विश्वास आहे म्हणून दुकानाची उधारी आपण वहीत लिहायची थांबवत नाही. मग आयुष्यभराची मिळकत देताना संकोच कशाचा?

या कायद्याखालील नमुना नियमांत आणखी एक तरतूद आहे. पोलीस ठाण्याने हद्दीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि समाजसेवक किंवा स्वयंसेवकासह महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी. जिल्हा पातळीवर ज्येष्ठांसाठी समितीही कल्पिलेली आहे. पण जिल्ह्याच्या समितीला भवानीनगरच्या एका गल्लीतील बंद दार कसे दिसणार?

इतरत्र काय केले जाते

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला प्रौढांच्या संरक्षणासाठी मंडळ ठेवणे बंधनकारक आहे. स्थानिक प्रशासन, पोलीस आणि आरोग्य सेवा यांना त्यात बसावेच लागते. दुर्लक्षामुळे किंवा छळामुळे एखादी असहाय व्यक्ती दगावली आणि यंत्रणांचा मेळ बसला नाही अशी शंका असेल, तर प्रकरणाची फेरतपासणी होते. तिचा हेतू दोषी शोधण्याचा नसून, एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला का कळली नाही हे समजून घेण्याचा असतो. कायद्याची वाट न पाहता हा विचार आपल्याला घेता येईल.

बैठक कशी असावी

दोन महिन्यांतून एकदा, ठरलेल्या वारी, तासभर बसावे. बँक शाखेचे अधिकारी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशा सेविका, तलाठी, पोलीस ठाण्याचे प्रतिनिधी, ग्रामपंचायतीचा सदस्य, औषध दुकानदार, दस्तलेखक किंवा वकील आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे दोघे, एवढी माणसे पुरेत.

काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये हे आधी ठरवावे. बँकेला ग्राहकाच्या खात्याची माहिती चारचौघांत सांगता येत नाही आणि डॉक्टरांना रुग्णाची. ते योग्यच आहे. म्हणून पहिली पायरी ज्येष्ठ व्यक्तीशी एकांतात बोलण्याची. त्यांच्या संमतीनेच त्यांचे नाव बैठकीत यावे. संमती नसेल, तर नाव न घेता केवळ प्रश्न मांडावा आणि मार्ग विचारावा. जिवाला धोका दिसत असेल, तर बैठकीची वाट न पाहता पोलिसांना कळवावे. बैठकीतील गोष्ट पेठेत गेली, तर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही.

अशा बैठकीतून साध्या गोष्टी मार्गी लागतात. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सूचना दिल्या, हे अनेकांना ठाऊक नसते. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेता येतो आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. ही सोय माहीत असेल, तर कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ येत नाही. दस्तलेखक अटीचे कलम समजावून देऊ शकतो. पोलिसांना यादी पूर्ण करण्यास मदत होते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक आणि ऑनलाइन फसवणुकीसाठीचा १९३० प्रत्येक घरी पोहोचवता येतो.

आपला धर्म आणि आपली लाज

आपल्याकडे सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. साधूंच्या आहार-विहाराची काळजी आपण मनोभावे घेतो. थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवाही त्याच भावनेने व्हावी. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार सांगितले आहेत. एक खोटा लेख करणे. दुसरा विश्वासाने सोपवलेली ठेव बळकावणे. आजीला न वाचून दाखवता घेतलेला अंगठा आणि आजोबांच्या ठेवीची परस्पर मोड यांना वेगळी नावे शोधण्याची गरज नाही.

‘घरची गोष्ट घरात राहू द्या’ हा आपला जुना संकेत पेढीची पत राखण्यासाठी होता. त्याच्या आड वृद्धांचे हाल लपत असतील, तर पत राहते कोणाची? अनेक मुले आणि सुना मनापासून सेवा करून दमलेल्याही असतात. त्यांनाही विसावा, सल्ला आणि चार माणसांचा आधार हवा असतो. म्हणून या बैठकीने न्यायनिवाडा करू नये, हात द्यावा.

प्रारंभ समाजानेच करावा. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात मंदिराच्या सभागृहात पहिली बैठक बोलवावी; निमंत्रण मात्र साऱ्या गावाला असावे. एका वहीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावे त्यांना विचारून लिहावीत, प्रत्येक नावापुढे आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या एका व्यक्तीचे नाव घालावे आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवूनच उठावे.