इम्फाळ ते ग्लासगो : बेंगळुरूमार्गे

मुलीने फुटबॉल खेळून चरितार्थ चालवावा, ही कल्पना आपल्याकडे कित्येक घरांत अजून हसण्यावारी नेली जाते. मणिपूरच्या बालादेवी भारतीय संघाच्या नामांकित आघाडीपटू. तरी उपजीविकेसाठी त्यांनी राज्याच्या पोलीस दलात नोकरी पत्करली होती.

२०१९ साली बेंगळुरू एफ. सी. आणि स्कॉटलंडचा रेंजर्स या दोन क्लबांनी सहकार्याचा करार केला. त्याच दुव्याने बालादेवी नोव्हेंबरात ग्लासगोला चाचणीसाठी गेल्या. २९ जानेवारी २०२० रोजी रेंजर्सने त्यांच्याशी १८ महिन्यांचा करार जाहीर केला. परदेशी क्लबाशी व्यावसायिक करार करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू. वयाची ३० वर्षे पूर्ण होण्यास अवघे ४ दिवस उरले होते. या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीची भाषा बोलू लागतात!

मार्चमध्ये महासाथीने तेथील सामने थांबविले. पहिला गोल डिसेंबरात झाला, मदरवेलविरुद्ध. पुढे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांना दीर्घकाळ मैदानाबाहेर बसविले. खेळ मात्र सुटला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत, पाकिस्तानविरुद्ध, त्यांनी भारतासाठी आपला ५० वा गोल केला.