‘पावसाळ्यानंतर’ म्हणजे कोण?

मी पुण्यात सोलर वॉटर हीटरच्या विक्रीचं काम बघते. चौकशी आली की पाइपड्राइव्हमध्ये लीड म्हणून नोंदवायची, तिला लेबल लावायचं. 2010 साली एस्टोनियात सुरू झालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये हॉट, वॉर्म, कोल्ड ही लेबलं तयारच मिळतात. आम्ही त्यात ‘सोसायटी’ आणि ‘पावसाळ्यानंतर’ ही आमची दोन घातली.

आता एआय एजंटला म्हणते, ‘पावसाळ्यानंतरची गिऱ्हाइकं काढ.’ पण लीडच्या नोंदीत लेबलाचं नाव नसतं; असतो 36 चिन्हांचा आयडी. म्हणून एजंटने आधी लेबलांची यादी मागवायची. ही विनंती फक्त वाचण्यापुरती, नोंदीत काही बदलत नाही. अकाउंटची चावी जोडलेली असली की एका फेरीत सगळी लेबलं येतात: आयडी, नाव, रंग. मग जोड्या लागतात.

ही पायरी मी गाळू देत नाही. एकदा एजंटने यादी न मागवता अंदाजानेच लेबल धरलं आणि कोथरूडच्या एका आजोबांना ऐन जुलैत फोन गेला. ‘पाऊस उलटल्यावर बोलू,’ असं त्यांनी बजावलं होतं. मला फार वाईट वाटलं. ऑक्टोबरात मी स्वतः त्यांच्या घरी गेले.